काळ्या वाटेची शेवटची झाडणी

४ जानेवारी

लाल जाकीट मिळालं. माझं नाही, उसनं. बाह्या बोटांच्या टोकांवर येतात आणि खिशात आधीच्या कुणाचा तरी चॉकलेटचा कागद. सेन्योरा डोरिस म्हणाली (डोंगर तिचा, रोपवे तिचा, इथला सगळ्यात मोठा आवाजही तिचाच), "फेब्रुवारी संपेपर्यंत टिकलीस तर तुझ्या मापाचं शिवून देईन. हिवाळ्यात बर्फावरही ठेवीन. बारा महिने."

बारा महिने! मी कुठंच चार महिन्यांच्या वर टिकलेले नाही. चिलोए बेटावर, घरीच, मासळीच्या कारखान्यात चार, पुएर्तो मोंतला बेकरीत तीन, सफरचंदाच्या बागेत एक, आणि सर्कशीत नऊ दिवस, पण ते धरायला नकोत. आई फोनवर म्हणाली, "बघू, इथून कधी पळतेस." मला नाही पळायचं. लिहून ठेवतेय, म्हणजे उद्या शब्द फिरवता येणार नाही.

काम सोपं वाटतं. लोक रोपवेच्या खुर्चीत बसून वर जातात, सायकल पुढच्या खुर्चीला टांगलेली. वरून उड्या घेत, वळणांच्या बांधांवर आडवे होत खाली. की परत वर. दिवसभर हेच. साडेपाचला तिकीट बंद. मग मी आणि तिओ बाल्दो शेवटचे वर जातो आणि डोंगर झाडत येतो. झाडू नाही, सायकलच. कुणी पडलंय का, कुणाची चेन तुटलीय का, कुणी बायकोशी भांडून झाडाखाली बसलंय का, ते बघत यायचं. दोन वाटा. निळी सोपी, काळी अवघड. खाली पोचलं की वाटेच्या तोंडाला दोर बांधायचा आणि वॉकीटॉकीवर म्हणायचं, "वाट रिकामी." दोन्ही वाटा रिकाम्या झाल्या की रोपवे थांबतो. मागे माणूस राहिला तर झाडणाऱ्याचं जाकीट त्याच दिवशी उतरतं. हा डोरिसचा पहिला नियम. दुसरा नाही.

तिओ बाल्दो (तिओ म्हणजे काका, सगळ्यांचाच) साठीचा आहे. गुडघे कुरकुरतात, पण उतारावर पाण्यासारखा जातो. मी चिलोएची म्हणून मला "बटाटा" म्हणतो. तिथं बटाट्याशिवाय काही पिकत नाही असं त्याचं मत.

९ जानेवारी

गोमाश्या! काळ्या-नारिंगी, अंगठ्याएवढ्या. गडद कपड्यावर झेपावतात. नेल्दानं (तिकीट खिडकीवर असते, आम्ही एका खोलीत राहतो) सांगितलं की हळूच पकडून मागचा भाग उघडला तर आत मधाचा थेंब असतो, लहानपणी ती चाटायची. मी म्हटलं, शी. मग दुपारभर एक पकडायच्या मागे होते. सापडली नाही. बाल्दो म्हणाला, "पगार तुला माश्या धरायचा देतात का गं?"

सांगायचं होतं वेगळंच. काळ्या वाटेच्या मध्यावर मोठं पेवेनचं झाड आहे, खवल्याखवल्यांचं, मगरीला उभं केल्यासारखं. त्याच्या बुडाशी अनिमिता आहे, पत्र्याचं घरकुल, कुत्र्यालाही पुरणार नाही एवढं. मेलेला माणूस जिथं पडला तिथं बांधतात तसं. भोवती पाण्याच्या बाटल्या, झिजलेल्या ब्रेकच्या चकत्या, हँडलच्या जुन्या मुठी. एफ्राईनचं. तोही झाडणारा होता. अकरा वर्षं झाली.

बाल्दो थांबला, हेल्मेट काढलं, अर्धी बाटली पाणी ओतलं.

"रोज?" मी.

"रोज. आणि ऐक. इथून खाली येताना मागं फ्रीव्हीलची करकर ऐकू आली तर वळायचं नाही. ओ द्यायची नाही. बाजूला व्हायचं, म्हणायचं, जा पुढं, एफ्राईन. बस."

"आणि वळले तर?"

"तर तो तुझ्याबरोबर खाली येतो."

"येऊ दे की. पाव खाईल आपल्याबरोबर."

"बटाट्या," तो म्हणाला, हसला नाही, "तोंड मिट, ब्रेक सोड."

१४ जानेवारी

वाजलं.

लख्ख ऊन होतं, सहा वाजलेले. बाल्दो पुढं, मी मागं. मागं म्हणजे सगळ्यात शेवटी, माझ्यानंतर डोंगरावर कुणीच नाही. पेवेनच्या खाली तिसऱ्या वळणावर मी पायडल मारणं थांबवलं, माझी करकर सुरू झाली, आणि तिच्या खाली दुसरी. जाड. जुन्या चाकाची. मी ब्रेक दाबला, माझी बंद पडली. ती चालू राहिली.

बाजूला झाले. "जा पुढं, एफ्राईन," म्हटलं तर आवाज असा निघाला की जणू मीच आजारी आहे. पुढं कुणी गेलं नाही. करकर माझ्यामागं दहा हातांवर थांबली. अजिबात हलेना. मग मीच निघाले, दोन ठिकाणी पडता पडता.

खाली बाल्दोनं माझ्याकडे बघितलं आणि विचारलं नाही. मीही सांगितलं नाही. दोर बांधला.

१५ जानेवारी

काल दोन अर्जेंटिनी पोरं रात्री आठला हसत चालत खाली आली म्हणे, काळ्या वाटेच्या बाजूच्या झुडपात माकीची फळं खात लपली होती. जीभ-दात जांभळे. आम्ही गेल्यावर फुकटात सूर्यास्त बघायचा होता. डोरिसनं त्यांना स्पॅनिशमध्ये धुतलं आणि मग जर्मनमध्ये वाळत घातलं. आमची जाकिटं वाचली कारण लपलेला माणूस राहिलेला धरत नाहीत. नशीब.

बेकरीत आमच्याकडे माकीचा जॅम यायचा. तसा परत खाल्ला नाही कधी.

३० जानेवारी

बरेच दिवस लिहिलं नाही. काही झालंच नाही. पाणी ओततो, खाली येतो, वाट रिकामी. आता वाटून घेतलंय. बाल्दो निळी, मी काळी एकटीच. तो म्हणाला, "गुडघे." मला वाटतं गुडघे नव्हेत.

आज पुन्हा वाजलं. पेवेनच्या वरच, अगदी जवळून. मी नियमाप्रमाणे वाट दिली. पुढं जात नाहीच हा माणूस. वाट दिली तरी मागंच उभा. जिवंतपणीही असाच हट्टी होता का, बाल्दोला विचारायला हवं. विचारवत नाही. एफ्राईनचं नाव निघालं की तो सायकलीच्या नळ्या पुसायला घेतो.

खाली आल्यावर गंमत. वाटेची डागडुजी करणारा जुना मजूर जेवणानंतर फावडं उशाला घेऊन कोइग्वेच्या झाडाच्या सावलीत झोपला होता, सातला जागा होऊन शिव्या देत आला. "मला उठवायचं नाही का गं भवाने, समोरून गेलीस!" मी खरंच बघितलं नव्हतं. लोक हसून लोळले. तो रोजंदारीवर, यादीत नाव नसतं, म्हणून पुन्हा जाकीट वाचलं.

११ फेब्रुवारी

नेल्दा म्हणते वळून बघ ना एकदा. मी म्हटलं तूच ये. ती म्हणाली, "मी तिकीट फाडते बाई, भुतं नाही."

सतरा दिवस उरले. डोरिसनं आज जाता जाता माझ्या खांद्याचं माप घेतलं, टेपनं, काही न बोलता. मी दिवसभर खांदे ताठ ठेवून फिरले.

१८ फेब्रुवारी

झरझर लिहितेय, अक्षर वाचता आलं तर नशीब.

आज आवाज नुसता नव्हता. अनिमितापाशी पाणी ओतत होते. आधी करकर, वरून, जोरात येणारी. थांबली. मग हाक.

"यास्ना!"

पुरुषाचा आवाज. दुरून नाही. मी बाटली तशीच धरून उभी. डोक्यात एकच, सायकल चालवायला आलेल्या लोकांना माझं नाव ठाऊक नसतं. ते "ए लाल" म्हणतात. बाल्दो निळीवर, त्याचा आवाज मला झोपेतही कळेल. म्हणजे कोण?

"यास्ना!"

मी म्हटलं, जा पुढं, एफ्राईन. दोनदा म्हटलं. नाही गेला. तिसरी हाक अर्धीच आली. मी वळले नाही. सायकलवर बसले आणि निघाले, आणि खालच्या दगडांपर्यंत तो मागून येत होता, येत होता, मग थांबला.

दोर बांधला. "वाट रिकामी." आवाज नीट आला माझा. त्याचा अभिमानच वाटला क्षणभर.

१९ फेब्रुवारी, सकाळ

गाड्या लावायच्या जागेत एक निळी गाडी रात्रभर उभी होती. काचांवर दव. तेमुकोचा दातांचा डॉक्टर, लेआंद्रो नाव, एकटा आला होता. बायकोनं पहाटे फोन केला. तिकिटावर शेवटची नोंद पाच वीसची, वर जाताना.

नेल्दाला त्यानं सांगितलं होतं, आज गुडघा दुखतोय, निळीच वाट. म्हणून सगळे निळीवर गेलेत, आणि तिच्या खालच्या घळीत. निळी बाल्दोनं झाडली होती. तो चेहरा राखेसारखा करून सगळ्यांच्या पुढं चालत गेला.

मला खाली वॉकीटॉकीपाशी बसवलंय.

काळीवर काही नव्हतं. मी झाडली. हाक होती, पण ती माझ्या नावाची होती. डॉक्टरला माझं नाव कसं कळणार? मी कधी भेटलेही नाही. तो एफ्राईन होता आणि एफ्राईनचा याच्याशी काय संबंध? आणि सांगितलं तर? "हाक ऐकली आणि थांबले नाही." एवढं वाक्य पुरे. नऊ दिवस राहिलेत.

साडेनऊ वाजले. घळीत दोर सोडतायत.

पाव तसाच हातात. आई म्हणेल, बघ, शेवटी...

सांगते.

१९ फेब्रुवारी, संध्याकाळ

वॉकीटॉकीवर सांगितलं, सगळ्यांच्या कानात. "काल सहाला काळीवर, पेवेनपाशी, हाक आली होती. मी थांबले नाही."

डोरिस, हळू आवाजात. तिचा हळू आवाज मी पहिल्यांदा ऐकला. "ऐकलीस आणि उतरलीस?"

"हो, सेन्योरा."

"आता सांगतेस?"

"हो."

बारा वाजता सापडला. अनिमितापासून तीस पावलांवर, किलाच्या दाट बांबूत, वरून दिसणारच नाही असा. वर पोचल्यावर त्याला काळीचा मोह झाला असणार. गळपट्टीचं हाड, जबडा, दोन बरगड्या. जिवंत. अजून एक रात्र निघाली नसती म्हणाले.

जाकीट मी स्वतःच घडी घालून डोरिसच्या टेबलावर ठेवलं. खिसे रिकामे केले. ती कागद वाचत होती. मान वर न करता म्हणाली, "खालच्या टोकाला सायकली टांगायला माणूस हवाय. हंगाम संपेपर्यंत. नको असेल तर बस सहाला आहे."

सहाला बस निघताना मी खोलीच्या खिडकीतून बघत होते. माझी पिशवी भरलेलीसुद्धा होती. का नाही गेले कुणास ठाऊक. पाय उचललाच नाही.

२२ फेब्रुवारी

इस्पितळात गेले होते. माफी मागायला. बरोबर ताजे पाव नेले, हायुया, गरम, फडक्यात गुंडाळून. माणसाचा जबडा तारांनी आवळलेला आणि मी पाव घेऊन उभी. गाढव. तो डोळ्यांनी हसला. दातांचा डॉक्टर आणि तोंड बंद, त्यालाही गंमत वाटली असावी. उशाशी पाटी आणि खडू होता, त्यावर लिहून बोलतो.

मी म्हटलं, "तुमची हाक ऐकून मी निघून गेले. माफ करा."

त्यानं डोकं हलवलं, नाही. लिहिलं: *मी नाही मारली. पडलो तेव्हाच जबडा गेला. आवाज निघत नव्हता.*

"मग कोण?"

पुसलं. लिहिलं: *तुमच्यामागचा. लाल जाकीटवाला. वाकून माझ्याकडे बघितलं. मग तुमच्यामागं गेला, हाका मारत.*

मी म्हटलं, माझ्यामागं कुणी नसतं. मी शेवटची असते.

त्यानं खडू पुन्हा उचलला. मग पुसून, सावकाश: *तुम्ही वळला असता तर त्यानं दाखवलं असतं. त्याला विचारा, रात्री परत का नाही आला.*

नर्सनं मला बाहेर काढलं. पाव तिलाच देऊन आले.

२४ फेब्रुवारी

दोन दिवस बाल्दोला सांगायचं टाळलं. आज तो सायकलींच्या खोलीत ब्रेकची तार ओवत होता, मी दारात उभी राहून सगळं एका दमात बोलून टाकलं. पाटी, लाल जाकीट, वाकून बघणं.

त्यानं तार खाली ठेवली नाही. विचारलं, "कशी हाक मारत होता?"

"कशी म्हणजे?"

"चिडून?"

मी आठवलं. "नाही, तिओ. दमून. बरीच वर्षं हाका मारून कुणी ऐकत नाही ना, तशी. शेवटची तर अर्धीच सोडली."

तार त्याच्या बोटात रुतली, रक्त आलं, त्याला कळलंही नाही. मग तो बोलायला लागला, तारेकडेच बघत.

"त्या दिवशी आम्ही दोघं काळी झाडत होतो. मी पुढं. खाली आलो, तो दिसेना. वाटलं, गेला असेल सरळ कॅन्टीनला, भुकेला असायचा नेहमी. मीच दोर बांधला. मीच म्हटलं, वाट रिकामी. रोपवे थांबला. सकाळी सापडला. डॉक्टर म्हणाले, पहाटेपर्यंत जीव होता. जाकीट उतरवायचा नियम त्यानंतरचा." तार पुढं ओवत म्हणाला, "वळू नका, ओ देऊ नका, हे मीच काढलं. अकरा वर्षं मी पाणी ओततो आणि त्याला सांगतो, जा पुढं. त्याला पुढं जायचंच नव्हतं गं. तो काम करत होता."

मी विचारलं, "तुम्ही कितीदा ऐकलंत?"

"गेली काही वर्षं मी वॉकीटॉकी मोठ्यानं लावून उतरतो," तो म्हणाला.

२७ फेब्रुवारी

आज सगळं नीट लिहायचंय.

गर्दी होती, शेवटचे दिवस. साडेपाचपर्यंत सायकली टांगून खांदे गेले. निळी सहाला रिकामी झाली, नवा मुलगा झाडतो ती. काळीवर बाल्दो एकटा. डोरिस माझ्या शेजारी येऊन उभी राहिली, रोपवेच्या लाल बटणापाशी. नेल्दानं तिकिटं ताडून सांगितलं, सगळे उतरलेत, एकूण एक. गाड्या निघून गेलेल्या.

सव्वासहा. वॉकीटॉकीवर बाल्दो. श्वास लागलेला. "रोपवे थांबवू नका. एक जण राहिलाय."

डोरिस म्हणाली, "बाल्दो, सगळे खाली आहेत."

"एक जण राहिलाय. आणायला परत वर चाललोय, पेवेनपर्यंत."

मग वॉकीटॉकीचं बटण सोडायच्या आधी त्याचा आवाज आम्हाला आला, आमच्याशी नव्हे, पाठ फिरवून बोलल्यासारखा. "आलो. आलो रे. हा बघ, वळलो."

वॉकीटॉकी बंद.

खुर्च्या वर जात होत्या, रिकाम्या, वळण घेऊन खाली येत होत्या, रिकाम्या. पावणेसात. डोरिसनं हात पुढं केला, "यास्ना, बंद कर."

मी म्हटलं, "नाही."

"काय म्हणालीस?"

"काळी रिकामी झाल्याचं अजून कुणी म्हटलं नाही, सेन्योरा. नियम तुमचाच आहे." आणि मी बटण पाठीशी घालून उभी राहिले. म्हटलं, काढून टाका मला, पण हे मी दाबणार नाही. तिनं खिशात हात घातले आणि वाटेकडे तोंड केलं.

सात वाजून गेल्यावर धुरळा दिसला. तिसऱ्या वळणावर, मग पाचव्या. इतका हळू बाल्दो कधी उतरत नाही. पायडल मारल्याशिवाय, सारखा ब्रेकवर, जखमी माणसाला घेऊन येताना उतरतो तसा. मधूनमधून मान मागं वळवत होता. करकर ऐकू आली. एक पातळ, त्याच्या चाकाची. आणि दुसरी. डोरिसनंही ऐकली, कारण तिनं माझं मनगट धरलं. घट्ट.

तळाशी येऊन तो उतरला. सायकल कुंपणाला टेकवली. दोर बांधायला घेतला नाही. वर उचलला, डोक्यापेक्षा उंच, आणि बाजूला सरून उभा राहिला, वाट देऊन. किती वेळ? एक माणूस सायकल ढकलत आत येईल एवढा. त्याची नजर हळूहळू वाटेवरून आत आली, आमच्या दिशेला, मग आमच्या बाजूनं मागं गेली. माझ्या उजव्या हाताला थंडगार वाटलं, सावलीतून जाताना वाटतं तेवढंच. दुसरी करकर आमच्या मागं थांबली.

मग त्यानं दोर खाली घेतला, दोन गाठी मारल्या, वॉकीटॉकी तोंडाशी धरला. आम्ही दहा पावलांवर होतो तरी त्यावरच बोलला.

"काळी वाट रिकामी."

डोरिसनं तिचा उचलला. तिचा आवाज फाटला होता. "किती उतरले?"

"दोघं," बाल्दो म्हणाला.

तिनं माझ्याकडे बघून मान हलवली, आणि मी बटण दाबलं.